भंगाराच्या पावतीआधीचा हिशेब : रेल्वे बोर्डाच्या अध्यक्षांना खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष व मुख्य कार्यकारी अधिकारी,
रेल्वे बोर्ड, रेल भवन, नवी दिल्ली

प्रत माहितीसाठी : महाव्यवस्थापक, मध्य रेल्वे, मुंबई

विषय : रूळ, खडी, स्लीपर (रुळांखालचे आडवे ठोकळे) आणि डबे यांच्या पुनर्वापराचा वार्षिक हिशेब ठेवून तो प्रसिद्ध करण्याबाबत

महोदय,

सप्रेम नमस्कार.

मी ज्या शाळेत शिकलो तिथे पितळी घंटा नव्हती. व्हरांड्याच्या वाशाला जाड तारेने रुळाचा हातभर तुकडा टांगलेला असे आणि शिपाई लोखंडी गजाने त्यावर टोले देत असे. ओढ्यापलीकडच्या वस्तीवरची मुले तो आवाज ऐकून पळत सुटायची. गावच्या लोहाराची ऐरणही रुळाच्याच तुकड्याची होती. घणाचे घाव खाऊन तिचा माथा आरशासारखा गुळगुळीत झाला होता, पण रुळाच्या उभ्या पट्टीवर कारखान्याने उठवलेली इंग्रजी अक्षरे आणि वर्षाचा आकडा मात्र बोटाने चाचपता यायचा. माझे वडील रेल्वेत चावीवाले होते. पहाटे हातोडा, पाना आणि झेंड्या घेऊन ते आपल्या टप्प्यावर निघायचे, रूळ जागेवर घट्ट धरणारी पण सैल झालेली चावी ठोकून बसवायचे, आणि निखळून खडीत पडलेली चावी पिशवीत घालून, पुढे रिकामी जागा दिसली की तिथे लावायचे. लोखंडाची वस्तू निकामी कधी ठरते आणि कामाची कुठवर राहते, हे मी पुस्तकांच्या आधी त्यांच्या त्या पिशवीतून शिकलो. पुढे आयुष्यभर यंत्र अभियांत्रिकी शिकवली, आणि आज हे पत्र लिहितो आहे ते या दोन्ही शिक्षणांच्या आधारावर.

ज्याला हल्ली चक्रीय अर्थव्यवस्था म्हणतात, म्हणजे वस्तू वापरून फेकण्याऐवजी ती दुरुस्त करणे, हलक्या कामाला लावणे आणि अगदी शेवटी वितळवून तिच्यापासून पुन्हा तशीच वस्तू घडवणे, ती भारतीय रेल्वेला नवी नाही. बेंगळुरूजवळ येलहंका येथे १९८४ साली सुरू झालेल्या रेल्वेच्या चाक कारखान्यात झिजलेली जुनी चाके आणि आस विजेच्या भट्टीत वितळवले जातात आणि त्याच पोलादातून नवी चाके ओतली जातात. चाकातून पुन्हा चाक निर्माण होते, त्याचा दर्जा उतरत नाही आणि माल रेल्वेच्या घराबाहेर जात नाही. याहून पूर्ण असे दुसरे उदाहरण मला आपल्या देशातल्या अवजड उद्योगात सहज आठवत नाही, आणि त्याबद्दल आपल्या खात्याचे मनापासून अभिनंदन करायला हवे. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाणी नेणारी गाडीही मराठवाडा विसरलेला नाही. तिचे टँकर वाघिणी नव्या बनवलेल्या नव्हत्या. राजस्थानातल्या कोटा येथील कार्यशाळेत वाफेने आतून धुऊन त्या पिण्याच्या पाण्यासाठी सज्ज केल्या होत्या. हाताशी असलेल्या वस्तूकडे नव्या नजरेने पाहिले की काय होऊ शकते, ते त्या उन्हाळ्यात लाखो लोकांनी घोट घोट अनुभवले.

म्हणूनच माझी तक्रार हेतूबद्दल नाही, मोजमापाबद्दल आहे. दरवर्षी मार्च संपला की भंगार विक्रीतून किती कोटी मिळाले याच्या बातम्या येतात. २०२०-२१ या टाळेबंदीच्या वर्षात ही रक्कम ४,५७३ कोटी रुपये होती आणि तो तोवरचा उच्चांक म्हणून जाहीर झाला. रुळांच्या कडेला गंजत पडलेला माल उचलला जातो, चोरीला आळा बसतो, लिलाव ऑनलाइन होऊन व्यवहार उघड्यावर येतो, हे सारे चांगलेच आहे. पण विकलेल्या भंगाराचे वजन वाढणे आणि साधनसंपत्ती वाचणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पुष्कळदा त्या एकमेकींच्या विरुद्धही जातात. ज्या विभागापुढे विक्रीचे उद्दिष्ट ठेवलेले असते, त्याला आणखी दहा वर्षे चालेल अशी वस्तू कंडम ठरवण्याचा मोह होऊ नये यासाठी उलट बाजूचा एखादा आकडाही त्याच्यासमोर असायला हवा. कंडम होण्याआधी किती माल पुन्हा कामाला लागला, हा तो आकडा. तो आज सामान्य नागरिकाला कुठेही एकत्रित वाचायला मिळत नाही.

रुळापासूनच सुरुवात करतो, कारण तिथे सर्वांत मोठे वजन आहे. आज मुख्य मार्गावर जो रूळ टाकला जातो तो मीटरला साठ किलो वजनाचा असतो, म्हणजे एक किलोमीटर मार्गावरच्या दोन रुळांत १२० टन पोलाद असते. अशा रुळावरून सुमारे ८०० दशलक्ष टन वाहतूक गेली की त्याचे मुख्य मार्गावरचे आयुष्य पूर्ण झाले असे मानतात; जुन्या बावन्न किलोच्या रुळासाठी हीच मर्यादा ५२५ दशलक्ष टनांची आहे. अलीकडच्या वर्षांत देशभरात वर्षाला पाच हजार किलोमीटरहून अधिक रूळ बदलले जात आहेत. निघालेले सगळे रूळ बावन्न किलोचे धरले, तरी हे पाच लाख टनांहून अधिक पोलाद होते. मुख्य मार्गासाठी थकलेला रूळ मालधक्क्यावर, यार्डात, कारखान्यांच्या सायडिंगमध्ये, जिथे गाडी तासाला पंधरा-वीस किलोमीटरने सरकते तिथे, अजून कित्येक वर्षे बिनधोक चालतो. ही पद्धत आपल्या नियमपुस्तकात आहे. जुन्या रुळांची प्रतवारी करून ते दुय्यम मार्गांवर घालण्याचे नियम आमच्या वडिलांच्याही आधीपासूनचे आहेत. प्रश्न एवढाच, की या पाच लाख टनांपैकी किती रूळ खरोखर दुसऱ्यांदा अंथरले गेले, किती छतांचे खांब, कुंपण किंवा फाटकापाशी वाहनांची उंची अडवणाऱ्या चौकटी झाले, आणि किती गॅसने कापून थेट लिलावाच्या ढिगात गेले? एकदा गॅसकटरने दीड मीटरचा तुकडा पाडला की त्याचा रूळ पुन्हा होत नाही. त्यामुळे निर्णय कापण्याआधी व्हायला हवा, अल्ट्रासॉनिक म्हणजे ध्वनिलहरींनी रुळातल्या भेगा शोधणाऱ्या तपासणीच्या नोंदी हातात घेऊन व्हायला हवा, आणि कापण्याचे कारण लिहिलेले असायला हवे.

लिलावात गेलेल्या रुळाचे पुढे काय होते, याचाही विचार व्हावा. आमच्या मराठवाड्यात जालना हे पोलादाचे गाव आहे. तिथल्या भट्ट्यांत ठिकठिकाणचे भंगार वितळते आणि बांधकामाच्या सळया होऊन बाहेर पडते. भंगाराच्या प्रत्येक टनामागे साधारण १.४ टन लोहखनिज, ७४० किलो कोळसा आणि १२० किलो चुनखडी वाचते असे जागतिक पोलाद उद्योगाचे मान्य गणित आहे, त्यामुळे वितळवण्याला माझा मुळीच विरोध नाही. पण रुळाच्या पोलादात ०.६ ते ०.८ टक्के कार्बन असतो, मँगनीजही भरपूर असते, आणि ते काटेकोर रासायनिक नियंत्रणाखाली बनवलेले असते. सळईला इतका कार्बन चालत नाही; तो ०.३ टक्क्यांच्या आत ठेवावा लागतो. म्हणजे ज्या गुणांसाठी आपण जास्त पैसे मोजून हे पोलाद बनवून घेतले, ते गुण सरमिसळीच्या ढिगात पातळ करून टाकावे लागतात. कापसाच्या उत्तम गाठी गादीत भरण्यासारखे हे आहे. येलहंक्याला चाकांसाठी जे घडते तेच रुळांसाठी घडवायचे, तर रुळांचे भंगार इतर लोखंडात न मिसळता वेगळे ठेवले पाहिजे, त्याच्या प्रतीची नोंद त्याच्यासोबत गेली पाहिजे आणि ते सर्वप्रथम पोलाद कारखान्यांना देऊ केले पाहिजे. भिलाईचा कारखाना १९६० पासून आपल्यासाठी रूळ बनवतो. तिथली पद्धत मुख्यतः झोतभट्टीची आहे, तीत जुने पोलाद एका मर्यादेपर्यंतच घालता येते, हे मला ठाऊक आहे. पण नव्या रुळाच्या खरेदीत जुन्या पोलादाचा किमान वाटा किती असावा, हा प्रश्न खरेदीदाराने विचारायला सुरुवात केली तरच कारखाना उत्तर शोधू लागेल, आणि देशात रुळांचा सर्वांत मोठा खरेदीदार आपणच आहात.

आता ज्या गोष्टींकडे कोणाचे लक्ष जात नाही, त्यांच्याकडे येतो. एका किलोमीटरमध्ये सुमारे १,६६० स्लीपर असतात. प्रत्येक स्लीपरवर रुळाखाली दोन रबरी पॅड, रूळ पकडून ठेवणाऱ्या, ज्यांना सगळे पॅन्ड्रोल म्हणतात अशा चार क्लिपा आणि क्लिप व रूळ यांच्यामध्ये बसणारे चार लायनर. म्हणजे एका किलोमीटरला ३,३२० पॅड, ६,६४० क्लिपा आणि तेवढेच लायनर. क्लिप लोखंडाची, म्हणून तिला भाव मिळतो आणि ती गोळा होते. रबरी पॅड आणि काचतंतू मिसळलेल्या नायलॉनचे लायनर यांना भाव नाही. रूळ बदलण्याचे काम चालू असताना मी एकदा परवानगी घेऊन विद्यार्थ्यांना दाखवायला नेले होते. गाड्या थांबवून कामासाठी दिलेला वेळ, म्हणजे ब्लॉक, संपत आला होता, मुकादम घाई करत होता, आणि जुने पॅड उताराच्या गवतात तसेच भिरकावले जात होते. एक उचलून पाहिला. रुळाच्या दाबाने त्याच्या खाचा सपाट झाल्या होत्या, कडेला भेगा होत्या, पण रबर हाताला अजून चिवट लागत होते. त्या माणसांना मी दोष देत नाही. पॅड परत आणला तर तो कोणाच्या खात्यात जमा करायचा हेच ठरलेले नसेल, तर तो गवतातच जाणार. नवे पॅड पुरवणाऱ्याने जुने तेवढेच परत न्यावेत, त्यांचा चुरा करून फाटकातल्या रबरी फरश्या किंवा फलाटावरच्या चटया बनवाव्यात, अशी अट निविदेत घालणे फार अवघड नाही. टायर आणि बॅटऱ्यांच्या बाबतीत बनवणाऱ्यावर ही जबाबदारी टाकणारे नियम २०२२ पासून देशात लागू आहेतच.

खडीचा प्रश्न तर सह्याद्रीच्या पायथ्याशी राहणाऱ्या प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर आहे. रुळाखाली २० ते ६५ मिलिमीटर मापाचा, कोनदार, कठीण दगड लागतो आणि आपल्याकडे तो काळ्या बेसाल्टचा असतो. गाड्यांच्या दणक्याने आणि खडी ठासून बसवणाऱ्या टॅम्पिंग यंत्राच्या दातांनी त्याच्या कडा झिजतात, भुकटी होते, माती आणि कोळशाची पूड मिसळते, पाणी तुंबते. मग साधारण दहा वर्षांनी खडी चाळणारे मोठे यंत्र येते, रुळाखालची सारी खडी साखळीने ओढून काढते, चाळते, चांगली परत टाकते आणि बारीक चुरा बाजूला फेकते. ही चाळणी हाच पुनर्वापराचा उत्तम नमुना आहे. तरीही जितका चुरा बाहेर पडला तितका नवा दगड लागतोच, आणि तो कुठल्या तरी टेकडीतून येतो. सुरुंग लावून अर्धी पोखरलेली टेकडी ज्यांनी लोकलच्या किंवा एसटीच्या खिडकीतून पाहिली असेल, त्यांना मी वेगळे काही सांगायची गरज नाही. बाजूला पडलेला चुरा पावसाबरोबर नाल्यात उतरतो, मोऱ्या बुजवतो आणि पुढच्या वर्षी त्याच मोऱ्या साफ करायला पुन्हा पैसे लागतात. तोच चुरा तपासून, त्यात तेल किंवा इतर घाण नाही याची खात्री करून, फलाटाच्या भरावात, यार्डाच्या रस्त्यांत, जवळच्या ग्रामपंचायतींच्या पाणंद रस्त्यांत वापरता येईल. शेतकरी पाणंदीच्या मुरुमासाठी वर्षानुवर्षे खेटे घालतात आणि शेजारून रेल्वेचा चुरा वाहून जातो. दोन खात्यांनी एकमेकांशी बोलायचे ठरवले तर हे सुटते.

काँक्रीटचे स्लीपर मात्र खरोखर कठीण प्रकरण आहे. अडीचशे किलोहून जड असा तो ठोकळा, आत ताणून बसवलेल्या पोलादी तारांच्या अठरा लडी. गाडी घसरली, जेसीबीचा धक्का बसला, की तो तडकतो आणि मग वर्षानुवर्षे मार्गाच्या कडेला पडून राहतो, कारण त्याला भंगारवाला हात लावत नाही. तो फोडून तारा वेगळ्या करणारी, आणि काँक्रीटची खडी करणारी फिरती यंत्रे बांधकामाच्या राडारोड्यासाठी शहरांत वापरली जातात. राडारोडा वेगळा काढून वापरण्याचे नियम २०१६ पासून आहेत. सुरुवातीला प्रत्येक विभागात एका ठिकाणी तरी असे केंद्र उभारून, निघालेला माल भिंती, गटारे आणि फलाटांच्या कामात वापरणे बंधनकारक करावे. नव्या स्लीपरच्या काँक्रीटमध्ये तो लगेच वापरा असे मी सुचवणार नाही, कारण तिथे प्रवाशांच्या जिवाचा प्रश्न आहे आणि त्यासाठी आधी लखनौच्या आपल्या संशोधन संस्थेत पुरेशा चाचण्या झाल्या पाहिजेत.

डब्यांबाबत आपण बरेच केले आहे. डॉ. अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०१२ मध्ये जुन्या डब्यांऐवजी एलएचबी म्हणजे जर्मन घडणीचे डबे आणण्याची शिफारस केली आणि २०१८ पासून जुन्या घडणीच्या डब्यांचे उत्पादन थांबले. बाद झालेल्या जुन्या प्रवासी डब्यांची बाके आणि खिडक्या काढून, टोकाला दारे बसवून त्यांचे मोटारी वाहून नेणारे डबे केले गेले. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर २०२१ मध्ये असाच एक डबा उपाहारगृह झाला. उपाहारगृह बघायला छान आहे, मुले फोटो काढतात, पण माझ्या मते खरे मोल मोटारींच्या डब्याला आहे, कारण तो डबा अजून रुळावर धावतो आणि एका नव्या वाघिणीचे पोलाद वाचवतो. मात्र पुढचा प्रश्न आताच हाती घ्यायला हवा. एलएचबी डब्याचे ठरलेले आयुष्य ३५ वर्षांचे आहे. २००० च्या आसपास आलेले पहिले डबे आणखी दहा वर्षांत त्या टोकाला पोचतील, आणि त्यामागून दरवर्षी हजारो डबे येत राहतील. त्यांत स्टेनलेस स्टील आहे, ॲल्युमिनियम आहे, तांब्याच्या तारा आहेत, आणि त्याबरोबर डिंकाने चिकटवलेले फायबरचे पत्रे, फोम, रेक्झिन आहे. जे स्क्रूने जोडले ते सुटते. जे चिकटवले ते तोडावेच लागते. लातूरच्या डबा कारखान्यात आणि चेन्नई, कपूरथळा, रायबरेलीत जे डबे घडत आहेत किंवा घडणार आहेत, त्यांच्या प्रत्येक नमुन्यासोबत तो कसा सोडवायचा, कोणता भाग कोणत्या धातूचा, याचे पत्रक तयार होऊन माटुंग्यासारख्या कार्यशाळांत पोचले पाहिजे. १९१५ पासून डब्यांची दुरुस्ती करणाऱ्या माटुंग्याच्या कारागिरांना विचारून जर नवा डबा आखला, तर कुठला सांधा कसा असावा हे तेच सगळ्यांत नेमके सांगतील.

चादरी, बाटल्या, धुण्याचे पाणी यांवर पुष्कळ लिहिले गेले आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. डबे धुणाऱ्या स्वयंचलित यंत्रांमध्ये पाणी फिरवून वापरले जाते, ही पद्धत दुष्काळी जिल्ह्यांतल्या प्रत्येक डेपोत आधी पोचावी. बाटल्या चिरडणाऱ्या यंत्रांपेक्षा बाटली वेचणारी माणसे जास्त काम करतात; पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ पासून अशा कष्टकऱ्यांना संघटित करते आहे, आणि स्थानकांवरचा सुका कचरा ओळखपत्र व रीतसर करार देऊन अशा संघटनांच्या हाती सोपवला, तर प्लास्टिकही परत येईल आणि पोलिसाला पाहून पळावे लागणाऱ्या बायांना मानाने काम करता येईल.

रेल्वेने २०३० पर्यंत निव्वळ शून्य कार्बन उत्सर्जनाचे उद्दिष्ट ठेवले आहे. ते वीज आणि डिझेल यांच्या हिशेबातून बऱ्याच अंशी गाठता येईल. पण रूळ घडवताना भिलाईत जळलेला कोळसा आणि स्लीपरच्या सिमेंटसाठी भाजलेली चुनखडी दुसऱ्याच्या खात्यात लिहिली जाते, म्हणून ती जळायची थांबत नाही. जर्मनीच्या डॉइचे बान या रेल्वे कंपनीने २०४० पर्यंत पूर्ण चक्रीय अर्थव्यवस्थेकडे जाण्याचे उद्दिष्ट जाहीर केले आहे. आपल्याला तारीख नंतर ठरवता येईल, वही मात्र आज उघडता येते.

म्हणून माझी विनंती मर्यादित आहे. मध्य रेल्वेवरचा एक टप्पा निवडावा. दौंड-मनमाड चालेल, भुसावळच्या पलीकडचा चालेल. त्या टप्प्यावर एक वर्ष, रूळ, क्लिपा, पॅड, लायनर, स्लीपर आणि खडी या सहा वस्तू किती निघाल्या, किती तिथेच परत लागल्या, किती हलक्या कामाला गेल्या, किती वितळायला गेल्या आणि किती कडेला पडून राहिल्या, याची नोंद ठेवावी. नोंद करण्याचे काम रोज तो मार्ग पायी चालणाऱ्या चावीवाल्यांकडे आणि त्यांच्या मुकादमाकडे द्यावे, त्यासाठी त्यांना स्वतंत्र भत्ता द्यावा, आणि वर्षअखेरीस ते पाच रकाने भंगार विक्रीच्या आकड्याशेजारी छापावेत. नोंदवहीचा नमुना कसा असावा यासाठी माझा काही उपयोग होणार असेल, तर मी विनामोबदला यायला तयार आहे. वडिलांच्या हातची, टप्पा आणि तारीखवार लिहिलेली एक जुनी डायरी माझ्याकडे आहे. त्यांनी कोणत्या दिवशी किती चाव्या उचलल्या आणि किती परत बसवल्या, हे त्यांनी स्वतःच्या समाधानासाठी लिहून ठेवले होते. तीही सोबत आणीन.

आपला नम्र,
यंत्र अभियांत्रिकीचा एक निवृत्त शिक्षक